धाग्यापासून आच्छादनाकडे : वनस्पतिज प्रथिनांच्या पापुद्र्यांचा इतिहास

१

पदार्थांच्या इतिहासात गुण आणि दोष यांची स्थाने कायमची ठरलेली नसतात. एका उपयोगात जे लक्षण पदार्थाला अपात्र ठरविते, तेच दुसऱ्या उपयोगात त्याची पात्रता ठरू शकते. शेतजमिनीवर अंथरण्यासाठी वनस्पतिज प्रथिनांपासून जैवविघटनशील पापुद्रे बनविण्याचे जे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले, त्यांचा इतिहास या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. हे प्रयत्न पर्यावरणविषयक अलीकडच्या जागृतीतून एकाएकी जन्मास आले, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती अर्धीच खरी आहे. पापुद्र्याचा हेतू नवा असला, तरी त्यामागील रसायन नवे नाही. ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अगदी वेगळ्या कारणासाठी, म्हणजे लोकर, लाख आणि शिंग यांना पर्याय शोधण्यासाठी सिद्ध झाले होते. तो जुना प्रयत्न का फसला, हे नीट समजल्याखेरीज नव्या प्रयत्नाचे मोल आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी ध्यानात येणार नाहीत.

२

वनस्पतींमध्येही प्राणिज द्रव्यासारखे द्रव्य असते, ही गोष्ट प्रथम गव्हाच्या पिठावरून निदर्शनास आली. बोलोन्या येथील याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी १७२८ मध्ये दिलेल्या आणि १७४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात एका साध्या प्रयोगाचे वर्णन केले आहे. मळलेली कणीक पाण्याखाली धूत राहिल्यास पिष्ट वाहून जाते आणि हाती एक चिवट, ताणला जाणारा गोळा उरतो. हाच ग्लुटेन होय. हा गोळा पाण्यात विरघळत नाही, परंतु पाणी शोषून घेतो, आणि ओला ठेवल्यास कुजू लागतो. पुढे दोनशे वर्षांनी ज्या तीन लक्षणांभोवती सर्व वाद फिरला, ती तिन्ही या पहिल्याच प्रयोगात दिसतात.

मक्यातील झेइन या प्रथिनाचा शोध १८२१ मध्ये अमेरिकेत जॉन गोरहॅम यांनी लावला. झेइन पाण्यात विरघळत नाही, पण पाणी मिसळलेल्या मद्यार्कात विरघळते. मद्यार्क उडून गेला की मागे चकचकीत थर राहतो. बियांतील प्रथिनांचा पद्धतशीर अभ्यास कनेक्टिकट येथील कृषि प्रयोगकेंद्रात टॉमस ऑसबर्न यांनी केला. कोणते प्रथिन पाण्यात, कोणते मिठाच्या द्रावणात, कोणते अल्कलीत आणि कोणते मद्यार्कात विरघळते, यावरून त्यांनी केलेले वर्गीकरण १९०९ च्या त्यांच्या ग्रंथात आले असून ते आजही वापरात आहे. उद्योगाच्या दृष्टीने या वर्गीकरणाचा अर्थ स्पष्ट होता : जे द्रव्य विरघळविता येते ते पसरविता येते, आणि जे पसरविता येते त्याचा पापुद्रा किंवा धागा करता येतो.

मात्र विरघळविलेले प्रथिन वाळल्यानंतर पुन्हा पाण्याने फुगते व मऊ पडते. यावरचा उपाय वनस्पतिज प्रथिनावर नव्हे, तर दुधातील केसिनावर सापडला. १८९७ च्या सुमारास जर्मनीत क्रिशे आणि श्पिटेलर यांनी केसीन फॉर्माल्डिहाइडमध्ये मुरवून शिंगासारखा कठीण पदार्थ तयार केला. गॅलॅलिथ या नावाने त्याची बटणे, फण्या व मुठी बाजारात आल्या. फॉर्माल्डिहाइडमुळे प्रथिनाच्या शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये आडवे बंध पडतात आणि पाण्याला आत शिरण्यास कमी वाव राहतो. प्रथिनाला टिकाऊ करण्याची ही कृती पुढील साठ वर्षे थोड्याफार फरकाने सर्वत्र वापरली गेली.

३

१९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतील शेतमालाचे भाव कोसळले. शेतातील उत्पन्न केवळ पोटासाठी नसून कारखान्याचाही कच्चा माल आहे, असा पक्ष तेव्हा जोराने मांडला गेला. विल्यम हेल यांनी १९३४ मध्ये या विचाराला ‘केमर्जी’ असे नाव दिले. १९३५ मध्ये डिअरबॉर्न येथे या चळवळीची पहिली परिषद भरली. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांत सोयाबीनच्या पेंडीचे पीठ फेनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेत मिसळून मोटारीचे सुटे भाग तयार होत होते. १९३८ च्या कायद्यान्वये अमेरिकेच्या कृषि खात्याने शेतमालाच्या औद्योगिक उपयोगासाठी चार प्रादेशिक प्रयोगशाळा स्थापन केल्या. त्यांपैकी इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील आणि फिलाडेल्फियाजवळची, अशा दोन प्रयोगशाळांचा संबंध पुढे पुन्हा येईल.

झेइनचा उपयोग प्रथम लेपनासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धात भारतातून येणाऱ्या लाखेचा पुरवठा अपुरा पडू लागला, तेव्हा झेइनची रोगणे तिच्या जागी वापरण्यात आली. धाग्याच्या क्षेत्रात महत्त्वाकांक्षा याहून मोठी होती. इटलीत १९३५ च्या सुमारास फेर्रेत्ती यांनी केसिनापासून कृत्रिम लोकर सिद्ध केली होती. इंग्लंडमध्ये लीड्सचे अ‍ॅस्टबरी व लंडनचे चिब्नल यांनी त्याच सुमारास असे प्रतिपादन केले की, बियांतील गोलाकार प्रथिनांच्या घड्या उलगडता आल्या, तर त्यांच्या सरळ झालेल्या साखळ्यांपासून लोकरीसारखा तंतू मिळू शकेल. इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे ‘आय. सी. आय.’, या कंपनीने ही कल्पना उचलली आणि स्कॉटलंडमधील आर्डीर येथे तिच्यावर काम सुरू केले. आर्डीरवरूनच या तंतूला ‘आर्डिल’ हे नाव पडले.

आर्डिलचा कच्चा माल भुईमूग हा होता. तेल काढून घेतल्यावर उरणाऱ्या चोथ्यातील प्रथिन सौम्य अल्कलीत विरघळवीत. ते द्रावण बारीक छिद्रांतून आम्ल व क्षार यांच्या कुंडात सोडले की त्याचे तंतू गोठत. नंतर फॉर्माल्डिहाइडने त्यांना पक्के करीत. महाराष्ट्रातील शेतकरी जी पेंड दुभत्या जनावरांपुढे ठेवतो आणि प्रसंगी खत म्हणून जमिनीत घालतो, तिच्यातील प्रथिनापासून विलायतेत कापड विणले जाऊ लागले. अ‍ॅस्टबरी यांच्यासाठी या तंतूचा एक ओव्हरकोटही शिवण्यात आला होता. १९५१ मध्ये डम्फ्रीज येथे आर्डिलचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. अटलांटिकच्या पलीकडे, कनेक्टिकटमध्ये, १९४८ पासून झेइनचा ‘व्हिकारा’ नावाचा तंतू निघत होता.

हे दोन्ही उद्योग १९५७ मध्ये बंद पडले. कोरियाच्या युद्धाच्या वेळी चढलेले लोकरीचे भाव नंतर उतरले, आणि त्याबरोबर स्वस्त पर्यायाची निकडही ओसरली. नायलॉन व टेरिलीन यांनी बाजार व्यापण्यास सुरुवात केली होती. परंतु पराभवाचे मूळ पदार्थातच होते. प्रथिनाचा तंतू कोरडा असतानाही फारसा मजबूत नसे. भिजला म्हणजे त्याची ताकद आणखी घटे. वारंवार धुवावयाच्या कपड्यात हा दोष झाकता येण्याजोगा नव्हता. म्हणून आर्डिल बहुधा लोकरीत मिसळूनच वापरावा लागे. शेतमालातून निघालेला धागा पाण्यापुढे टिकला नाही, असा या प्रकरणाचा निष्कर्ष त्या वेळी निघाला आणि तो योग्यच होता.

४

ज्या कंपनीने आर्डिल काढला, तिच्याच दुसऱ्या एका विभागात, विनिंग्टन येथे, १९३३ मध्ये फॉसेट आणि गिब्सन यांना एथिलीन वायूवर अत्युच्च दाबाचे प्रयोग करीत असता मेणासारखा एक पांढरा पदार्थ अनपेक्षितपणे मिळाला होता. हा पदार्थ म्हणजे पॉलिथीन. १९३९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि युद्धकाळात रडारच्या तारांचे आवरण म्हणून त्याचा उपयोग झाला. एकाच कंपनीच्या छत्राखाली, एकाच दशकात, एक पदार्थ बीजातून आणि दुसरा खनिज इंधनातून निघाला. पहिल्याला पाणी बाधत होते, दुसऱ्याला पाणी स्पर्शही करीत नव्हते. पुढील अर्धशतकाचा कौल कोणत्या बाजूने लागला हे सर्वविदित आहे.

जमीन झाकून ओलावा राखणे व तण दाबणे ही कल्पना प्लॅस्टिकहून पुष्कळ जुनी आहे. पालापाचोळा, गवत आणि पेंढा यांचे आच्छादन अनेक देशांत परंपरेने केले जात असे. कारखान्यात बनलेल्या अखंड पट्ट्याचा मोठ्या प्रमाणावरील पहिला प्रयोग हवाई बेटांत झाला. ओला येथील उसाच्या मळ्यात चार्ल्स एकार्ट यांनी १९१४ च्या सुमारास जमिनीवर कागद अंथरून पाहिला, आणि नंतर ही पद्धत अननसाच्या लागवडीत रुजली. कागदाचे आच्छादन भिजून फाटे आणि मातीत कुजून जाई.

केंटकी विद्यापीठातील एमर्ट यांनी १९४८ मध्ये काचेऐवजी पारदर्शक पटल लावून स्वस्त हरितगृह उभारले, आणि त्यानंतरच्या दशकात भाजीपाल्याच्या वाफ्यांवर प्लॅस्टिकचे आच्छादन वापरून पाहिले. पॉलिथीनचा पापुद्रा हलका, स्वस्त आणि यंत्राने अंथरता येण्याजोगा होता. त्यामुळे बाष्पीभवन घटे, माती उबदार राही आणि काळ्या पापुद्र्याखाली तणाला प्रकाश मिळत नसे. ही पद्धत जगभर पसरली. महाराष्ट्रात टोमॅटो, मिरची, कलिंगड यांच्या वाफ्यांवर जो पापुद्रा पसरलेला दिसतो, त्याला शेतकरी ‘मल्चिंग पेपर’ म्हणतो. नाव कागदाचे असले तरी वस्तू पॉलिथीनची असते. कागद कुजत असे, ही त्याची उणीव मानली गेली होती. पॉलिथीन कुजत नाही, हा त्याचा विशेष ठरला.

५

या विशेषाची दुसरी बाजू दिसण्यास काही दशके जावी लागली. चीनमध्ये १९७८ च्या सुमारास जपानकडून ही पद्धत आली आणि थोड्याच काळात लक्षावधी हेक्टरांवर पसरली. खर्च वाचविण्यासाठी तेथे अतिशय पातळ पापुद्रा वापरात आला. पूर्वीच्या राष्ट्रीय मानकात किमान जाडी ०.००८ मिलिमीटर होती. २०१७ च्या सुधारित मानकाने ती ०.०१० मिलिमीटर केली. इतका पातळ पापुद्रा हंगामाच्या अखेरीस अखंड उचलता येत नाही. त्याच्या चिंध्या नांगरटीबरोबर जमिनीत जातात, वर्षानुवर्षे साठतात आणि मुळे व पाणी यांच्या मार्गात येतात. जाडी वाढविण्यामागचे कारण आच्छादन अधिक काळ टिकावे एवढेच नव्हते. ते पुन्हा गोळा करता यावे, हाही त्यामागे हेतू होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार वनस्पती व पशू यांच्या उत्पादनात दरवर्षी सुमारे १ कोटी २५ लाख टन प्लॅस्टिकच्या वस्तू वापरल्या जातात.

यावर पहिले उपाय प्लॅस्टिकच्या चौकटीतच शोधले गेले. १९७० नंतरच्या दशकात प्रकाशाने ठिसूळ होणारे पॉलिथीन तयार झाले. त्याच काळात ग्रिफिन यांनी पॉलिथीनमध्ये पिष्टाचे कण मिसळले, आणि पिओरियाच्या प्रयोगशाळेत फेलिक्स ओटी यांनी पिष्ट व एथिलीन-अ‍ॅक्रिलिक आम्लाचे सहबहुवारिक यांपासून शेतीच्या आच्छादनासाठी पापुद्रे काढले. परंतु पिष्ट जीवाणूंनी खाल्ले, तरी कृत्रिम भाग मागे उरू शकतो. तुकडे होणे आणि विघटन होणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे यातून हळूहळू स्पष्ट झाले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने ऑक्सिडीकरणाने तुकडे होणाऱ्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली, तिच्यामागे हाच भेद आहे.

वनस्पतिज प्रथिनांकडे लक्ष पुन्हा वळले ते या पार्श्वभूमीवर, आणि त्यात फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांचा वाटा मोठा आहे. गाँतार, गिल्बेर आणि क्युक यांनी १९९२ मध्ये गव्हाच्या ग्लुटेनपासून पापुद्रे करताना मद्यार्काचे प्रमाण, आम्लता आणि प्रथिनाची संहती यांचा पापुद्र्याच्या गुणांवर होणारा परिणाम पद्धतशीरपणे तपासला. ही पद्धत तत्त्वतः साधी आहे. मद्यार्क व पाणी यांच्या मिश्रणात ग्लुटेन विरघळवून त्यात ग्लिसरॉल घालावयाचे, द्रावण सपाट पृष्ठावर पसरावयाचे आणि वाळू द्यावयाचे. वाळताना प्रथिनाच्या साखळ्या जवळ येतात आणि त्यांच्यात नवे बंध जुळतात. ग्लिसरॉलचे लहान रेणू साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकींवर सरकू देतात. ते नसल्यास पापुद्रा काचेसारखा तडकतो. शेतासाठी लागणाऱ्या मोठ्या प्रमाणावर द्रावण वाळवीत बसणे परवडणारे नाही. म्हणून १९९९ मध्ये माँपेलिएच्या संशोधकांनी ग्लुटेन आणि ग्लिसरॉल यांचे मिश्रण प्लॅस्टिकच्या उद्योगातील यंत्राप्रमाणे उष्णता व दाब देऊन ओढून काढण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उष्णता जपून द्यावी लागते, कारण तापमान वाढले की साखळ्या यंत्रातच बांधल्या जातात आणि पीळ घट्ट होतो.

याच परंपरेतील सरकीचा प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. मार्किए व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये सरकीच्या पिठापासून काढलेल्या पापुद्र्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पापुद्रा मजबूत करण्यासाठी त्यांनी फॉर्माल्डिहाइड व ग्लुटाराल्डिहाइड यांच्या जोडीला गॉसिपॉल वापरून पाहिले. गॉसिपॉल हे कपाशीच्या बियांतच असणारे विषारी द्रव्य असून, त्याच्यामुळे सरकीच्या पेंडीच्या उपयोगावर मर्यादा पडते. ते प्रथिनाशी बांधले जाते म्हणून पेंडीचे पोषणमूल्य घटते. पापुद्र्यात मात्र हेच बांधले जाणे उपयोगी पडण्याजोगे होते. गॅलॅलिथ आणि आर्डिल यांच्या काळातील फॉर्माल्डिहाइड येथेही आढळते, परंतु परिस्थिती बदलली होती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. जो पापुद्रा अखेर मातीत मिसळावयाचा, तो अशा द्रव्याने पक्का करणे हे मूळ हेतूशी विसंगत ठरते. जुन्या प्रथिन-उद्योगाचा मुख्य आधारच अशा रीतीने नव्या उद्योगाला वर्ज्य झाला.

६

ग्लुटेनच्या पदार्थांचे मातीत काय होते, याचे निश्चित उत्तर दोमनेक व त्यांचे सहकारी यांच्या २००४ च्या अभ्यासाने दिले. वेगवेगळ्या पद्धतींनी बनविलेले ग्लुटेनचे सर्व नमुने शेतातील मातीत ५० दिवसांच्या आत पूर्णपणे विघटित झाले, आणि त्यांच्या अवशेषांचा सूक्ष्मजीवांवर विषारी परिणाम आढळला नाही. ज्या गुणामुळे डम्फ्रीजचा कारखाना बंद पडला, तो गुण येथे प्रयोगाने सिद्ध करून प्रशस्तिपत्रासारखा मांडला गेला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेतून झेइनच्या पापुद्र्यांचा टोमॅटोच्या रोपांवर आणि जमिनीतील पाण्याच्या बाष्पीभवनावर होणारा परिणाम तपासणारा अभ्यास पुढे आला. शेतमालाचे कारखान्यात काय करता येईल हे शोधण्यासाठी १९३८ च्या कायद्याने उभी राहिलेली संस्था आता कारखान्यातील वस्तू शेतात काय करील, हे शोधू लागली होती.

तथापि ५० दिवस हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. टोमॅटोसारखे पीक वाफ्यावर तीन-चार महिने असते. त्याच्या निम्म्या आयुष्यातच आच्छादन विरून गेले, तर तणाला मोकळी जागा मिळते. पावसाने किंवा पाटाच्या पाण्याने ग्लिसरॉल धुपून जाते आणि उरलेला पापुद्रा ठिसूळ होतो. शिवाय प्रथिनाला पाण्याची ओढ असल्यामुळे दमट स्थितीत बाष्प त्यातून सहज निसटते, आणि ओलावा राखणे हे आच्छादनाचे प्रमुख कार्यच अपुरे राहते. युरोपात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईएन १७०३३ या मानकानुसार आच्छादनाच्या पापुद्र्यातील ९० टक्के कार्बनाचे मातीत दोन वर्षांच्या आत कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. अनेक कृत्रिम पापुद्र्यांना ही मुदत अपुरी पडते. प्रथिनाचा पापुद्रा ती सहज पाळतो. त्याला अवघड जाते ते त्यापूर्वीचे दिवस टिकून राहणे. कापडाच्या बाबतीत तो पाण्यापुढे हरला होता, शेतात तो दिनदर्शिकेपुढे हरतो.

जेथे उपयोगाचा काळच थोडा असतो, तेथे प्रथिनाला अधिक अनुकूल जागा मिळाली. आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी सोयाबीनच्या प्रथिनापासून रोपांसाठी कुंड्या बनविल्या. पॉलिलॅक्टिक आम्लाशी मिश्रण केल्याने त्यांना पुरेसा टिकाऊपणा आला. त्या कुजताना सुटणारा नत्र रोपाला खतासारखा लागू पडतो, असे त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. या निष्कर्षाला एक व्यापक अर्थ आहे. पिष्ट किंवा कागद यांच्यात नत्र जवळजवळ नसतो. ते कुजविताना सूक्ष्मजीव मातीतीलच नत्र काही काळ अडवून ठेवतात. प्रथिनात मात्र वजनाच्या सुमारे १६ ते १७ टक्के नत्र असतो, आणि कुजताना तो मोकळा होतो. शेंगदाण्याची पेंड खत म्हणून जमिनीत घालणाऱ्या शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक होते. पापुद्रा किंवा कुंडी हे त्याच पेंडीचे काही आठवडे दुसऱ्या कामाला लावलेले रूप होय.

७

या इतिहासावरून दोन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. पहिली ही की, वनस्पतिज प्रथिन आणि पॉलिथीन यांची स्पर्धा केवळ किमतीची कधीच नव्हती. पदार्थाने किती काळ टिकावे, या प्रश्नाचे उत्तर ज्या त्या काळाने वेगळे दिले. १९५७ मध्ये उत्तर ‘शक्य तितका’ असे होते, आणि त्या कसोटीवर प्रथिन नापास झाले. आज उत्तर ‘हंगाम संपेपर्यंत, त्यापुढे नाही’ असे आहे. ही कसोटी पहिलीपेक्षा सोपी वाटते, पण प्रत्यक्षात ती अधिक कठीण आहे. टिकणे आणि नाहीसे होणे हे दोन्ही गुण एकाच वस्तूत, ठरलेल्या क्रमाने आणावयाचे आहेत. पॉलिथीनला त्यांतील दुसरा गुण साधलेला नाही, आणि प्रथिनाला पहिला.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाविषयी आहे. केमर्जीच्या पुरस्कर्त्यांपुढे शेतमालाच्या अतिरिक्त साठ्याचा प्रश्न होता. ग्लुटेन, सोयाबीन किंवा भुईमूग यांचे प्रथिन मात्र माणसाच्या आणि जनावरांच्या आहाराचा भाग आहे. त्याचा वाफ्यावरील पापुद्रा करणे म्हणजे ताटातील वस्तू मातीवर अंथरणे होय, हा आक्षेप टाळता येत नाही. म्हणूनच ज्यांच्या आहारातील उपयोगाला आधीच मर्यादा आहे, त्या सरकीसारख्या पेंडींचा मार्ग इतिहासदृष्ट्या अधिक आशादायक वाटतो. त्या मार्गावर फॉर्माल्डिहाइडशिवाय पुरेसे बंध घालणे आणि ग्लिसरॉलपेक्षा न धुपणारे लवचिक द्रव्य सापडणे, या दोन अडचणी अद्याप उभ्या आहेत. त्या सुटल्यास बेक्कारींच्या गोळ्यातील तिसरे लक्षण, ओल्यात कुजणे, हे दोषांच्या यादीतून कायमचे निघून जाईल. न सुटल्यास प्रथिनाचे स्थान कुंड्या आणि अल्पकालीन लेपने एवढ्यापुरतेच राहील, आणि वाफ्यांवर जे पसरलेले आहे तेच, चिंध्या होऊन, मातीत साठत जाईल.